ख्रिस्ती मंडळ्यांची मासिके : इतिहाससाधन या दृष्टीने परीक्षण

(१)

छापील तेवढे सुरक्षित आणि हस्तलिखित तेवढे दुर्मिळ, असा एक समज आपल्या संग्राहकवर्गात रूढ आहे. बाड दिसले की हात पुढे होतो. जुन्या मासिकांचा गठ्ठा दिसला की तोच हात मागे येतो. हा समज कितपत साधार आहे हे पाहण्यास मराठी वाङ्मयातील एकच दाखला पुरे व्हावा. फादर स्टीफन्सकृत क्रिस्तपुराण १६१६ साली गोमंतकात रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ या साली ते पुन्हा छापले. या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ टिकला तो भाविकांनी हाताने उतरून घेतलेल्या पोथ्यांमुळे. १९०७ ची मंगळूरची आवृत्ती सिद्ध झाली ती पोथ्यांवरून. आणि लंडनमधील मार्सडेन संग्रहात या पुराणाची देवनागरी पोथी आहे, ही गोष्ट विद्वानांच्या निदर्शनास आणली ती अमेरिकन मराठी मिशनच्या जस्टिन ॲबट यांनी. तीन वेळा छापलेला ग्रंथ जर छापील रूपाने समूळ नाहीसा होऊ शकतो, तर हलक्या कागदावर दरमहा निघणाऱ्या चार पानांची कथा काय सांगावी?

अशाच एका वर्गाच्या साधनांचे परीक्षण येथे करावयाचे आहे. ख्रिस्ती मंडळ्यांसाठी निघालेली व खेड्यापाड्यांतून वाचली गेलेली मराठी मासिके हा तो वर्ग होय. ही मासिके धर्मप्रचाराची, सबब इतिहासास निरुपयोगी, असा आक्षेप आम्ही विद्वानांच्या तोंडून अनेकदा ऐकला आहे. एके काळी आमचेही मत तेच होते. ते का बदलले व त्या मतापायी आमच्या हातून काय नुकसान झाले, ते शेवटी निवेदन करू.

(२)

प्रथम स्वरूपाचा विचार. इंग्लंडात अशा मासिकास निश्चित रूप आले ते १८५९ साली. डर्बी येथील अर्स्किन क्लार्क नामक धर्मोपदेशकाने एक युक्ती काढली. कथा, उपदेश, चित्रे असा सर्वसामान्य मजकूर एके ठिकाणी छापावा. प्रत्येक गावच्या चर्चने तो विकत घ्यावा. आणि त्याभोवती आपल्या गावचे जन्म, विवाह, मृत्यू, वर्गणी व सूचना यांचे एक वेष्टन छापून ते गुंडाळावे. म्हणजे आतला गाभा सर्वत्र सारखा आणि बाहेरचे पान तेवढे गावचे. ही रचना संग्राहकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण ग्रंथालये जपतात तो गाभा आणि टाकून देतात ते वेष्टन. इतिहासाच्या दृष्टीने व्यवहार नेमका उलट व्हावयास हवा होता.

आपल्याकडील खेड्यांत ख्रिस्ती मंडळी लहान व निर्धन. स्वतःचे पत्र छापणे तिला शक्य नव्हते. म्हणून साऱ्या प्रांतासाठी निघणाऱ्या मासिकातील ‘मंडळ्यांचे वर्तमान’ या जातीच्या सदरांनीच गावपत्राचे काम केले. या परंपरेचा आरंभ आमच्या शहरापासून एका दिवसाच्या प्रवासावर झाला. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईस १८१३ साली व अहमदनगरास (आताचे अहिल्यानगर) १८३१ साली सुरू झाले. तेथूनच १८४२ साली ‘ज्ञानोदय’ निघाले. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ चे. म्हणजे मराठी वृत्तपत्राचे वय दहा वर्षांचे असताना हे पत्र जन्मास आले. थोड्याच वर्षांत ते मुंबईस गेले, आणि पुष्कळ काळ मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून चालले. १९१२ पासून १९१९ साली मृत्यू येईपर्यंत त्याच्या मराठी भागाची धुरा रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे होती.

कॅथलिक पंथीयांचे ‘निरोप्या’ १९०३ साली हेन्री डोरिंग या जर्मन जेसुइटाने काढले, आणि तेही राहुरी तालुक्यातील केंदळसारख्या खेड्यात राहून. हेच डोरिंग १९०७ साली पुण्याचे बिशप झाले, १९२१ साली जपानात हिरोशिमा येथे गेले व १९२७ साली पुन्हा पुण्यास परतले. १९१४ च्या महायुद्धात मुंबई-पुण्याकडील जर्मन जेसुइटांपैकी कित्येकांस अटकेत राहावे लागले व पुढे मायदेशी जावे लागले. अशी संकटे ओलांडून एका खेड्यात रोवलेले हे रोप शंभरीच्या पुढे गेले. वसईकडील ‘सुवार्ता’ याच कुळातील. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ असे सुमारे पाव शतक ते संपादिले. २०२० च्या जानेवारीत आमच्या मराठवाड्यातच, धाराशिव येथे, त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच्या अध्यक्षपदी ते होते. चर्चच्या मासिकाचा संपादक सारस्वतांच्या सभेचा अध्यक्ष होतो, यावरून या परंपरेचे मराठीशी असलेले नाते वेगळे सांगावयास नको.

(३)

आता आमच्या जिल्ह्यास या साधनाचे महत्त्व इतरांहून अधिक का, ते सांगतो. कायगाव टोक्याजवळ गोदावरीच्या काठी उभे राहिले असता १९४८ पूर्वी अलीकडे निजामाची हद्द व पलीकडे इंग्रजांची हद्द दिसे. अलीकडील दप्तर प्रथम फारसीत व पुढे उर्दूत. मराठी बोलणाऱ्या रयतेचे जिणे त्या दप्तरात उतरले ते परभाषेत, आणि तेही महसुलापुरते. पेशवाईतील पुण्याच्या एखाद्या वाड्यात रोज काय शिजले हे आपण सांगू शकतो; पण १९१० च्या सुमारास वैजापूर किंवा गंगापूर तालुक्यातील गावकुसाबाहेरच्या माणसाने काय खाल्ले, मुलास कोठे शिकविले व कोणत्या रोगाने तो मेला, हे त्याच्याच भाषेत सांगणारा कागद क्वचितच हाती लागतो. ती उणीव काही अंशी भरून काढण्याचे सामर्थ्य ज्या थोड्या साधनांत आहे, त्यांत ही मासिके येतात.

औरंगाबादेस चर्च मिशनरी सोसायटीचे ठाणे होते. पारशी कुळात जन्मलेले रतनजी नवरोजी यांनी तेथे अनेक वर्षे काम केले. वैजापूर तालुक्यातील घोगरगाव हे कॅथलिकांचे जुने केंद्र. तेथे फ्रेंच मिशनरी राहत. या मंडळ्यांची कागदपत्रे शोधणाराने त्यांच्या कारभाराच्या वाटा आधी समजून घ्याव्यात, नाहीतर व्यर्थ पायपीट होते. कॅथलिक बाजूने पाहता हा मुलूख प्रथम १८८७ साली स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांतात, १९५५ पासून अमरावतीकडे, आणि १९७७ पासून स्वतंत्र औरंगाबाद धर्मप्रांतात आला. म्हणून जुना कागद पुण्यास शोधण्यापेक्षा पूर्वेकडे शोधावा. प्रॉटेस्टंट बाजूस १९२९ साली नाशिकचा धर्मप्रांत झाला व १९७० साली निरनिराळ्या मंडळ्या मिळून उत्तर भारतीय चर्च झाले. दर स्थित्यंतराबरोबर दप्तर हलते, आणि हलणाऱ्या दप्तरातून प्रथम गळते ते मासिक.

या मासिकाचा खेड्यातील संसार कसा चाले? अंक येई तो मिशनच्या शाळेतील मास्तराच्या नावे. हा मास्तरच उपदेशक, हाच पत्रलेखक, हाच वर्गणी गोळा करणारा आणि पुष्कळदा गावात अक्षर ओळखणारा एकमेव आपला माणूस. रविवारची उपासना आटोपली की ओट्यावर बसून तो अंक मोठ्याने वाची. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनीही मासिक ‘वाचले’ ते असे. म्हणून छापलेल्या प्रतींच्या संख्येवरून वाचकांची संख्या ठरविणे हा प्रमाद होय. आपल्याकडे पोथी लावण्याची जी चाल आहे, तिचेच हे धाकटे भावंड. पुढे अंक घरोघर फिरे, आणि शेवटी ज्याच्या पेटीत जागा असेल त्याच्याकडे राही. प्रती अशा खाजगी घरांत सापडतात त्या याच कारणाने.

(४)

भाषेविषयी. संस्कृताच्या अभ्यासकास ही मराठी प्रथम खडबडीत लागते, हे कबूल केले पाहिजे. आरंभीच्या काळातील मजकुरात वाक्याच्या प्रारंभी ‘आणि’, षष्ठीच्या लांबच लांब साखळ्या, क्रियापदाची जागा चुकलेली, असे दोष पदोपदी आढळतात. हे दोष शास्त्राच्या भाषांतराच्या मुशीतून आले. परंतु त्याच मुशीतून बाबा पदमनजी निघाले, ज्यांच्या ‘यमुनापर्यटना’स (१८५७) मराठीतील पहिल्या कादंबरीचा मान दिला जातो. पुढे टिळकांनी अभंग व ओवी यांना उपासनेत मानाचे स्थान दिले, तेव्हा ही भाषा पुन्हा देशी वळणावर आली. १९०० च्या मागचा व पुढचा मजकूर शेजारी ठेवून पाहिल्यास हा पालट सहज दृष्टीस पडतो, आणि मराठी गद्याचा इतिहास लिहिणाराने तो अवश्य पाहावा.

तथापि आमच्या मते संपादकीय भाषेपेक्षा गावच्या पत्रलेखकाची भाषा अधिक मोलाची. संपादक व्याकरण जाणतो. मास्तर गाव जाणतो. मोट, नाडा, पाभर, येसकर, तराळ, बलुते, खळे हे शब्द त्याच्या लेखणीतून येतात ते कोणास दाखविण्यासाठी नव्हे, तर दुसरा शब्द त्यास ठाऊक नाही म्हणून. मोल्सवर्थच्या कोशात जो शब्द मिळतो तो कोणत्या गावी, कोणाच्या तोंडी व कोणत्या प्रसंगी होता, हे कोश सांगत नाही. ते सांगण्याचे काम असल्या पत्रांचे.

(५)

आता मुख्य प्रश्न, प्रामाण्याचा. मासिक धर्मप्रचारासाठी निघालेले आहे, यात वाद नाही. मग त्यातील विधाने कितपत घ्यावीत? यासाठी पाश्चात्त्यांच्या दारी जाण्याचे कारण नाही. पूर्वमीमांसकांनी स्तुतिपर वाक्यांचा म्हणजे अर्थवादाचा विचार करताना जे तीन प्रकार केले आहेत, तेच येथे उपयोगी पडतात. जे वाक्य प्रत्यक्षाशी विरुद्ध जाते तो गुणवाद. यूपास आदित्य म्हटले तर तो खांब सूर्य होत नाही, त्याच्या तेजाची प्रशंसा होते, एवढेच. जे अन्य प्रमाणाने आधीच ज्ञात आहे ते सांगणारा तो अनुवाद. अग्नी हे थंडीवरचे औषध, हे वेदाने न सांगताही आपण जाणतो. आणि ज्यास विरोध करणारे प्रमाण नाही व ज्ञापक प्रमाणही नाही, असे घडलेले सांगणारा तो भूतार्थवाद; इंद्राने वृत्रावर वज्र उगारले, हे या जातीचे.

हा निकष मासिकास लावून पाहू. समजा, एका अंकात ‘साऱ्या गावाने वचन आनंदाने ऐकले’ असे लिहिले आहे, आणि त्याच पत्रात चार ओळींखाली आपल्या लोकांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत अशी तक्रार आहे. पहिले वाक्य गुणवाद. त्यावरून गावाचे मत ठरवू नये. मात्र लेखकाची उमेद किती होती ते ठरवावे. समजा, ‘यंदा मृग कोरडा गेला’ असे लिहिले आहे व महसुली कागदांत त्या सालची सूट नमूद आहे. हा अनुवाद. त्याने नवे काही सिद्ध झाले नाही. पण ज्या अंकाचे वेष्टन हरवले आहे त्याचा काळ ठरविण्यास असे वाक्य फार उपयोगी. समजा, ‘मास्तरांची दुसरी मुलगी जुलाबाने वारली, वय तीन’ असे लिहिले आहे. यास विरोधक नाही, पोषकही नाही. हा भूतार्थवाद, आणि खोटे लिहिण्याचे प्रयोजन दिसत नसल्याने तो ग्राह्य. अनुभव असा की प्रचारकी मासिकात गुणवाद अग्रभागी मोठ्या टाइपात असतो आणि भूतार्थवाद मागच्या पानावर बारीक टाइपात. ज्याने केवळ अग्रलेख वाचून मासिक निरुपयोगी ठरविले, त्याने अर्थवाद वाचून वेद टाकला म्हणावयाचे.

मौनाचे काय? मासिकात जे आले नाही ते घडलेच नाही, असे मानणे घातक. येथे भाट्टांचे अनुपलब्धी-प्रमाण त्याच्या मर्यादेसह घ्यावे. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी योग्यता असेल तरच न दिसणे हे प्रमाण. गावच्या जत्रेचा उल्लेख नाही म्हणून जत्रा भरत नव्हती, असे म्हणता येणार नाही. मासिकास जत्रेचे वर्तमान देण्याचे कारणच नव्हते. परंतु आणा दोन आण्यांची वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाचे नाव जेथे छापले आहे, त्या यादीत एखादे घर सलग दोन वर्षे नसेल, तर ते घर गाव सोडून गेले, मंडळी सोडून गेले किंवा अन्नास महाग झाले, यांपैकी काही तरी खास. पुढील शोध तेथून सुरू करावा. मंडळीत आलेल्यांची नावे मासिक आनंदाने सांगते. सोडून गेलेल्यांची नावे सांगण्याची घाई त्यास नसते. ती या यादीच्या रिकाम्या जागांतून वाचावी लागतात.

या वर्गाच्या साधनांतून काय हाती येऊ शकते याचा सर्वांत ठळक पुरावा १८५५ चा आहे. जोतिराव फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी, मांग जातीत जन्मलेली, चौदा वर्षांची मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’ने १५ फेब्रुवारी व १ मार्च अशा दोन अंकांत छापला. ती मुलगी मिशनच्या शाळेतली नव्हती. ज्या पंक्तीत तिच्या जातीच्या सावलीचाही विटाळ होता, त्या पंक्तीतील कोणत्या बाडात हा निबंध सापडला असता, याचा विचार पोथ्यांच्या संग्राहकांनी स्वतःशी करावा. आज तो आपण वाचतो तो त्या दोन अंकांच्या बळावर. ते दोन अंक जर कोणी रद्दीत घातले असते, तर त्या मुलीचे नावही आपणांस ठाऊक झाले नसते. आणि आपण काही गमावले आहे, याची जाणीवही आपणांस झाली नसती.

(६)

आता प्रस्तुत लेखकाच्या अपराधाविषयी. पुष्कळ वर्षांपूर्वी गंगापूर तालुक्यातील एका शाळेत अध्यापक असताना ग्रंथालयाचे काम आमच्याकडे होते. तेथील एका ख्रिस्ती सहाध्यापकांनी वडिलांच्या पेटीतला मासिकांचा गठ्ठा शाळेस दिला. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. गठ्ठा आम्ही शहरातील बुक-बाइंडराकडे पाठविला आणि नीटनेटकेपणाच्या हौसेने त्यास सांगितले की, वेष्टने व जाहिरातींची पाने काढून टाकून केवळ मजकूर बांधावा. पाच सुबक खंड तयार झाले. कापडी पाठीवर सोनेरी अक्षरे पाहून आम्हांस कृतार्थता वाटली.

काही वर्षांनी ते सहाध्यापक आपल्या घराण्याची वंशावळ जुळवू लागले व एके दिवशी शाळेत आले. त्यांच्या आईने मरणापूर्वी सांगितले होते की, बाबांनी मुलांची जन्मवेळ व बाप्तिस्म्याची तारीख मासिकाच्या पहिल्या पानाच्या आत लिहून ठेविली आहे. घरात दुसरे कोरे कागद नव्हते. आम्ही खंड काढून दिले. त्यांनी पाचही खंड पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटले, काही न बोलता मिटले, आणि “असू द्या, गुरुजी,” एवढेच म्हणाले.

त्यानंतर आम्ही त्याच बाइंडराच्या मुलाकडून खंडांचे पुठ्ठे सोडवून घेतले. जुने बाइंडर हाताशी असलेला रद्दी कागद पुठ्ठ्याच्या अस्तरास वापरतात, हे पोथ्यांच्या संग्राहकांस ठाऊक आहेच. दोन वेष्टने तशी चिकटलेली निघाली. एकावर काही नव्हते. दुसऱ्यावर बोरूने लिहिलेली तीन नावे, तीन तारखा आणि त्यांखाली ज्वारीचा हिशेब. भावंडे एकंदर सात. आमच्या सहाध्यापकांचे स्वतःचे नाव त्या तिघांत नव्हते. ते वेष्टन आम्ही त्यांस परत दिले.

मासिकाच्या आतला मजकूर अन्यत्र एखाद्या ग्रंथालयात मिळेलही. अमेरिकन बोर्डाच्या मिशनऱ्यांनी मायदेशी धाडलेली पत्रे हार्वर्ड विद्यापीठाच्या हौटन ग्रंथालयात जपून ठेविली आहेत. साहेबाने गावाविषयी काय लिहिले ते तेथे सापडते. गावाने स्वतःविषयी काय लिहिले, ते त्या वेष्टनावर होते.

यास्तव संग्राहकांस आमची काही विज्ञापने आहेत. पहिले, वेष्टन, जाहिराती, वर्गणीची पोच व टपालाचा शिक्का यांसह अंक आहे तसा ठेवावा. बांधणी करू नये, जुनी बांधणी असल्यास पुठ्ठे तपासल्यावाचून टाकू नयेत. दुसरे, सलग संच नाही म्हणून सुटा अंक नाकारू नये. तिसरे, समासातील हस्तलेखनाची नोंद मजकुराइतक्याच काळजीने करावी. तेथे छापील मासिक संपते आणि हस्तलिखित सुरू होते. चौथे, अंक घरातून उचलून आणू नयेत. आज खिशातील यंत्राने छायाचित्र घेता येते. ते घ्यावे आणि मूळ ज्याचे त्यास परत करावे. पाचवे, मास्तरांच्या घरातील वृद्ध स्त्रियांस आधी विचारावे. पेटीच्या किल्ल्या बहुधा त्यांच्याकडे असतात.

राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड छापले ते माळ्यावरची व उकिरड्यावर जाणारी दप्तरे वाचवून. त्यांच्या काळी टाकाऊ ठरत होती ती देशमुख-कुलकर्ण्यांची दप्तरे. आपल्या काळी टाकाऊ ठरत आहेत ती गावकुसाबाहेरच्या मास्तरांची मासिके. गुरूंचे नाव घेणारांनी गुरूंची रीतही चालवावी, एवढेच सुचवून हे परीक्षण संपवितो.